चारशे सतरा नंबरचा फोटो

खर्रर्र. डब्याच्या झाकणावर ठेवलेला फोन थरथरला आणि घरातली शांतता त्या झाकणासकट हलली.

फोन मी मुद्दाम तिथे ठेवते. रिंग वाजली तर गुंडी उठते, आणि गादीवर नुसता थरथरला तर मी उठत नाही. स्टीलच्या झाकणाने दोन्ही साधतं. सहाला पाच कमी होती. गुंडीचा एक पाय माझ्या पोटावर होता, तो मी अंडं उचलावं तसा उचलून उशीवर ठेवला आणि स्वयंपाकघरात पळाले. गुंडी म्हणजे माझी मुलगी, पाच वर्षांची. शर्टाला गुंडी असावी तशी ती मला असते, म्हणून गुंडी. तिचे बाबा जहाजावर असतात. वर्षातले आठ महिने ते फोनमध्येच राहतात, अशी तिची समजूत आहे.

"झोपली होतीस?" फोनवर मास्तर होते. आमच्या वर्तमानपत्रातले सगळे फोटो त्यांच्या हाताखालून जातात.

"नाही, मास्तर."

"पहिलं वाक्यच खोटं. ऐक, लंबू तापाने आडवा झालाय. कपड्यांच्या कारखान्यासमोर बायका बसल्यात, आज तिसरा दिवस. तू जा."

"मी?"

"मग काय मी जाऊ, गुडघे हातात घेऊन? पाय आधी, डोळा मग, हे लक्षात ठेव. जागा धर आणि थांब. आणि कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्या हातात जसंच्या तसं यायला हवं. पोर आंघोळ घालून दाखवायला आणतात, कार्ड नाही."

लंबू आमचा मुख्य फोटोग्राफर. मी तीन महिन्यांची उमेदवार. त्याआधी चार वर्षं मी स्टुडिओत पासपोर्टचे फोटो काढले होते, 'हनुवटी जरा खाली, हसू नका' म्हणत. पेपरात आल्यापासून फुलांचं प्रदर्शन आणि शाळेचा बक्षीस समारंभ. माणसं जिथे आपणहून हसतात तेवढीच ठिकाणं मला मिळत होती.

वळले तर आई ओट्याशी उभी.

"कुठे?"

"कारखान्यावर."

तिच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं. मग ती म्हणाली, "इस्त्री असेल तिथे."

इस्त्री म्हणजे कारखान्याचा व्यवस्थापक. त्याच्या शर्टाची घडी कधी मोडत नाही, म्हणून बायकांनी ठेवलेलं नाव. 'इस्त्री आला', 'इस्त्री आज फार तापलाय'. आईने त्या कारखान्यात बावीस वर्षं बाह्या जोडल्या. अख्खा शर्ट तिने तिथे कधी शिवला नाही, नुसत्या बाह्या. तिथे एक जुनी रीत होती. कापडाचा उरलेला तुकडा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या मापाहून लहान असेल, तर तो शिवणारणीचा. मापाला पट्टी नव्हती. मुकादमीणबाई स्वतःचा हात लावून बघायच्या, आणि बाईंचा हात चांगला लांब होता, त्यामुळे सगळ्या त्यांच्या हाताला दीर्घायुष्य चिंतायच्या.

इस्त्री नवा आला आणि त्याने ही रीत बंद केली. तसा कागदही लावला, पण कचेरीच्या आतल्या भिंतीवर, जिथे शिवणाऱ्या बायकांना पाऊल टाकायची परवानगी नव्हती. तिसऱ्या दिवशी पाळी सुटताना तो स्वतः फाटकात उभा राहिला आणि पिशव्या उलट्या करायला लावल्या.

गुंडी तेव्हा नऊ दिवसांची होती. आईने जेवणाच्या सुट्टीत सात तुकडे जोडून तिच्यासाठी दुपटं शिवलं होतं, पांढरं मऊ, कडेने निळा धावदोरा. इस्त्रीने आईला दंडाला धरून रांगेतून बाहेर ओढलं. दुपटं दोन्ही हातांनी छातीसमोर उंच धरायला लावलं. "मावशी, घरी दुकान काढलंय का?" असं विचारलं, आणि तीनशे बायका पुढून जाईपर्यंत तिला तशीच उभी ठेवली. मग कचेरीतला कॅमेरा मागवून फोटो काढला. तो फोटो महिनाभर फाटकावर होता. खाली एकच शब्द लिहिलेला.

मी तो पाहिला आहे. ओली बाळंतीण होते, चालवत नव्हतं, तरी गेले होते. आईचे डोळे अर्धवट मिटलेले, ओठ एका बाजूला ओढलेला. बघणाऱ्याला वाटावं, हो, हिनेच केलं असणार. पुढे स्टुडिओत मला कळलं की पापणी लवतानाच्या त्या एवढ्याशा क्षणात पकडलं तर कुठलंही माणूस तसंच दिसतं. म्हणून तर आपण दुसरा काढतो.

तेव्हापासून आई जिना उतरली नव्हती. कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवायची तीही उजाडायच्या आत. गुंडीच्या पाचही वाढदिवसांच्या फोटोंत आईचा फक्त हात आहे, केकच्या बाजूला, सुरी धरलेला. आणि नातीसाठी तिने त्यानंतर एक टाका घातला नाही.

फोटोकडे कशी वळलीस, असं लोक विचारतात. मी म्हणते, आवड. त्याने माझ्या आईचा फोटो काढला होता. मला त्याचा काढायचा होता. एवढीच ती आवड.

आईने पाण्याची बाटली भरून दिली, बिस्किटांचा पुडा बॅगेत कोंबला. "बूट घाल," म्हणाली. "गर्दीत पाय तुडवतात." मी दाराशी पोचले तेव्हा मागून हळू आवाजात आणखी एक आलं, "जवळून काढ."

तेवढ्यात गुंडी डोळे चोळत उभी. "आई, कुणाचे फोटो काढणार?"

"बायकांचे. दारांची कुलपं काढा म्हणतायत त्या."

"किल्ली कुठाय?"

"एका माणसाच्या खिशात."

"मग त्याला 'प्लीज' म्हणायला सांग ना."

मी तिचा पापा घेतला. तिच्या गालाला झोपेचा वास होता. तो वास नाकात घेऊनच मी जिना उतरले, आणि शेवटच्या पायरीवर तो गेला.

बायकांचं मागणं साधं होतं. शिवणघराची दारं पाळीभर बाहेरून कुलूप लावून बंद ठेवायची, ही इस्त्रीची शिस्त. गेल्या महिन्यात आत धूर झाला तेव्हा किल्ली सापडेपर्यंत एका मुलीने खिडकीतून उडी टाकली आणि पाय मोडून घेतला. आता बायकांनी शक्कल लढवली होती. प्रत्येकीने घरून एक एक कुलूप आणून कारखान्याच्या फाटकाला लावलं होतं. कपाटाची, सायकलची, मुलांच्या पेटीची एवढीशी. शंभर-सव्वाशे कुलपं उन्हात चमकत होती. "आता तुम्ही आत बसा!" एकजण भोंग्यातून ओरडत होती आणि बाकीच्या हसत होत्या.

पहिला तास मी वाया घालवला. मागे उभी राहून पाठी काढल्या. मग हलणाऱ्या हातांचे फोटो काढले, ते सगळे धुरासारखे पुसट आले. शटरचा वेग स्टुडिओतलाच राहिला होता. शेजारी दुसऱ्या पेपरचा एक टोपीवाला फोटोग्राफर होता. तो माझ्या पडद्यात डोकावला.

"ताई, या बायकांना पाठीचे पासपोर्ट हवेत का?"

"पहिल्यांदाच आलेय."

"ते दिसतंय. वेग वाढवा, पाचशेच्या वर न्या. आणि पुढे घुसा. इथे कुणी हनुवटी खाली करणार नाहीये."

मी वेग वाढवला, पुढे घुसले. बाजूच्या छोट्या दाराला पाच-सहा दगडी पायऱ्या होत्या. बोलायला कुणी आलंच तर याच दारातून येणार, कारण फाटकाला आता शंभर कुलपं होती. मी पायऱ्यांच्या एका कडेला बसले, मांडीवर कोपर टेकवलं आणि थांबले. पायऱ्यांवर काजेवाली मावशी होती. आईच्या शेजारच्या मशीनवर ती काजं करायची, एकवीस वर्षं. सगळ्यांत वयस्कर म्हणून मागण्यांचा कागद तिच्या हातात दिला होता. सकाळपासून उन्हात उभी होती बिचारी. मला ओळखून मान हलवली.

साडेअकराला ते दार उघडलं.

तोच शर्ट. म्हणजे तोच नसेल, पण तशीच घडी. केस थोडे गेलेले. मला वाटलं होतं, दिसला की माझे हात कापतील. उलट ते इतके शांत झाले की मलाच नवल वाटलं. मी चेहरा धरला, बोट टेकवलं.

काजेवाली मावशी कागद पुढे करत एक पायरी चढली. आणि तिला घेरी आली. आधी कागद सुटला, मग गुडघे. ती मागे कलली. इस्त्री दोन पायऱ्या वर होता, तो झेपावला. माझं बोट खाली गेलं आणि उठलंच नाही. कॅमेरा एका दमात खडखडला.

मागच्या बायकांना फलक आडवे येत होते. त्यांना दिसलं एवढंच, की इस्त्रीचा हात पुढे गेला आणि मावशी दिसेनाशी झाली. "ढकललं! म्हातारीला ढकललं!" कुणीतरी किंचाळलं आणि एकच गिल्ला झाला. इस्त्री आत गेला, दार बंद झालं, बायकांनी मावशीला उचलून सावलीत नेलं. टोपीवाला पाणी प्यायला गेला होता. धावत आला आणि कपाळावर हात मारला.

"मिळालं का तुम्हाला?"

"बघते," मी म्हटलं.

समोरच्या इमारतीच्या जिन्यात बसून मी बघितलं. सात फोटो, चारशे पंधरा ते चारशे एकवीस.

चारशे पंधरा : मावशी कललेली, इस्त्री लांब, त्याचे हात खाली. सोळा : तो वाकलेला, डोळे घाबरलेले. अठरा : दुसरा हात तिच्या पाठीखाली. एकोणीस : दोन्ही हातांत तिला धरलंय, शर्टाच्या घड्या मोडल्यात. वीस : तो पायरीवर गुडघे टेकून, तिचं डोकं त्याच्या मांडीवर. एकवीस : मान मागे वळवून तो ओरडतोय. त्याच्या तोंडाच्या आकारावरूनसुद्धा वाचता येत होतं, 'पाणी'.

आणि मधला चारशे सतरा. त्याचा उघडा पंजा मावशीच्या खांद्यावर टेकलेला, ती धनुष्यासारखी मागे वाकलेली, कागद हवेत, त्याचे दात दिसतायत. मागे सगळी कुलपं. बघणाऱ्याला वाटावं, हो, यानेच केलं असणार.

मी खोटं सांगणार नाही. माझ्या अंगावर जो काटा आला, तो आनंदाचा होता. गुंडी पहिल्यांदा 'आई' म्हणाली तेव्हा आला होता, जवळजवळ तेवढा.

पहिला पुसताना कॅमेऱ्याने विचारलं, नक्की पुसायचा? माणसासारखं विचारतो तो. मी म्हटलं, हो. वीस नंबरला मात्र बोट जरा थांबलं. मावशीचं डोकं त्याने असं धरलं होतं, जसं आपण पाळण्यात ठेवताना बाळाचं धरतो, मानेखाली तळवा देऊन. मला मग दुपटं आठवलं. हो. सहा वेळा हो.

मास्तरांच्या टेबलावर कार्ड ठेवलं तेव्हा पान छपाईला सुटायला वीस मिनिटं होती. चारशे सतरा पडद्यावर आला आणि मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"अरे बापरे."

आजूबाजूची मंडळी गोळा झाली. उपसंपादक म्हणाले, "पहिलं पान. पाच कॉलम." कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मास्तर मात्र माझ्याकडे बघत होते. प्रत्येक फोटोला ते एकच प्रश्न विचारतात, फुलांच्या प्रदर्शनालाही विचारला होता.

"याच्या आधी काय झालं, आणि नंतर काय झालं?"

"ती कागद द्यायला पुढे गेली. त्याने ढकललं. ती पडली."

"तू पाहिलंस?"

"मी तिथेच होते, मास्तर. दोन हातांवर."

त्यांनी कीबोर्ड ओढला आणि फोटोखालची ओळ स्वतः टाइप केली. 'मागण्यांचा कागद देणाऱ्या ज्येष्ठ कामगार महिलेला पायरीवरून ढकलताना कारखान्याचे व्यवस्थापक.' पुढे माझं नाव. माझं नाव छापून येण्याची ती पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई घरात नव्हती.

मी घाबरून जिन्यात धावले, तर ती वर येत होती. कठड्याला धरून, एकेक पायरी, धापा टाकत, काखेत चार पेपर. पाच वर्षांत पहिल्यांदा ती खाली उतरली होती, दुकानापर्यंत गेली होती, सुटे देऊन आली होती.

"चार कशाला?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"एक वाचायला," ती म्हणाली. "तीन ठेवायला."

तिने पेपर टेबलावर पसरला, तळहाताने सुरकुती सपाट केली, आणि इस्त्रीच्या चेहऱ्यावर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिली. मग मोरीत जाऊन तिने केस धुतले. मला आठवत नाही मी तिला दिवसाउजेडी केस वाळवताना शेवटचं कधी पाहिलं होतं. ती खिडकीत उभी होती. उघड्या खिडकीत. खालून कुणी हाक मारली तर तिने हात हलवला.

तीन दिवसांत सगळं झालं. तो फोटो फोनाफोनांतून फिरला. कारखान्याच्या मालकांनी शिवणघराच्या दारांची कुलपं काढली आणि कड्यासुद्धा उखडून टाकल्या. इस्त्रीला घरी बसवलं. बायकांनी चारशे सतरा मोठा करून फाटकावर लावला, बरोबर त्याच जागी. कामावरून येताना मी मुद्दाम लांबचा रस्ता घेऊन तो बघून यायचे. वारा सुटला की कागद फडफडायचा आणि तो तिथल्या तिथे ढकलत राहायचा, पुन्हापुन्हा. माझं पोट भरत नव्हतं.

शनिवारी मास्तरांनी मला बाजूला बोलावलं. टेबलावर एक पाकीट होतं.

"कुलपांचा एखादा चांगला फोटो हवा होता म्हणून तुझं कार्ड पुन्हा लावलं," ते म्हणाले. "चारशे चौदा, मग चारशे सतरा, मग चारशे बावीस. मधली सहा पोरं कुठे हरवली?"

"हललेले होते. पुसले."

"सगळे सहा हलले, आणि मधला एकटा बर्फासारखा?"

नवशिक्याची चूक होती. फोटो पुसला तरी त्याचा नंबर मागे रिकामा राहतो, हे स्टुडिओत कधी कळलंच नव्हतं. तिथे नंबर कोण बघतो?

"पुसलेलं कार्डावरून जात नाही," मास्तर म्हणाले. "वरून नवं काढेपर्यंत खाली जुनं तसंच पडून असतं. दहा मिनिटांत परत आणता येतं. मी आणलेलं नाही."

"का?"

"कारण ओळ मी लिहिली, तुझ्या शब्दावर. चाळीस वर्षांत मी कुणाच्या शब्दावर ओळ लिहिली नव्हती. मागचापुढचा फोटो बघितल्याशिवाय नाही. त्या दिवशी म्हटलं, पोर दोन हातांवर होती." त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं. "सोमवारी हे कार्ड घेऊन ये, आपण दोघं बसून उघडू, आणि जे निघेल ते छापू, तेवढ्याच जागेत. नाही तर येऊ नकोस. आणि मी घरी फोन करणार नाही, काळजी नको."

"मास्तर, त्याने माझ्या आईला..." मी सुरुवात केली. आणि सगळं सांगितलं. दुपटं, दंड, फाटक, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

शेवटी चष्मा पुसत म्हणाले, "हे मला त्या दिवशी सांगितलं असतंस, तर मी दुसऱ्या कुणाला पाठवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

रविवारी दुपारी काजेवाली मावशी घरी आली. आईने तिला बोलावलं होतं. माणसाला घरी बोलावणं हेसुद्धा पाच वर्षांनी. आईने चांगले कप काढले. चहात साखर दोनदा पडली आणि दोघी त्यावरून पोटभर हसल्या. गुंडी टेबलाखाली, चौथ्या पेपरवर रंगखडूने इस्त्रीला हिरव्या मिशा काढत बसली होती. पाकीट माझ्या बॅगेत होतं आणि बॅग माझ्या मांडीवर.

"तुझ्या लेकीने काम केलं हो," मावशी आईला म्हणाली. "दारं सताड उघडी. वारा येतो आता. परवा एक मांजर आत येऊन गठ्ठ्यावर झोपलं, कुणी हाकलेना."

"आणि तो?"

"तो काय. घरात बसून असतो म्हणे. त्याच्या पोरीजवळ शाळेत कुणी बसत नाही." मावशीने कप खाली ठेवला, बशीत फिरवला. "एक सांगू? कुणाला बोलले नाहीये. त्याने धरलं गं मला. ढकललं नाही. डोळ्यांपुढे अंधार आला तेवढ्यात मानेखाली हात आला. नाही तर त्या दगडावर डोकं फुटलं असतं माझं."

मी आईकडे बघितलं. आईच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही.

"कुणाला बोललीस?"

"सांगते काय, कुणालाच नाही. दारं उघडली ना. आता मी तोंड उघडलं तर ती मिटतील."

"मग गप्प राहा."

"पण हिला ठाऊक असेल," मावशी माझ्याकडे वळली. "तू तर पुढ्यातच होतीस, बाळा. तुला दिसलं असेल ना?"

मी उत्तर द्यायच्या आत आई म्हणाली, "धरलं असेल. मलाही धरलंच होतं त्याने. दंडाला." आणि किटली उचलून तिने मावशीचा कप पुन्हा भरला, काठोकाठ, एक थेंब न सांडता. "तिला कशाला विचारतेस? तिने जे काढायचं ते काढलं."

म्हणजे तिला ठाऊक होतं. कदाचित पहिल्याच सकाळी, बोट ठेवून बसली होती तेव्हाच तिला कळलं असेल. बावीस वर्षं बाह्या जोडलेल्या बाईला, हात कुठे ओढतोय आणि कुठे आधार देतोय, हे कापडाच्या चुण्यांवरूनच कळतं. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात आभार नव्हते की दोष नव्हता. जवळून काढ म्हणाली होती, मी काढला होता. आम्ही दोघी आता एका बाजूला होतो, आणि त्या बाजूला मला इतकं ऊबदार वाटलं की बॅगेवरचा हात मी घट्ट केला.

मला त्या शाळेतल्या मुलीबद्दल वाईट वाटायला हवं होतं. मी वाट बघितली. आलं, पण थोडंसंच, आणि आलं तेही तिच्या बापाबद्दल नाही. उद्या सोमवार. कार्ड नेलं तर फाटकावरचा कागद उतरेल आणि त्याच्यासोबत आई पुन्हा वर चढेल, खिडकी लावून घेईल, बादली अंधारात ठेवेल. दारांना पुन्हा कड्या बसतील का, ते मालक जाणे. नाही नेलं, तर मी पुन्हा स्टुडिओत, हनुवटी जरा खाली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला हेही पुरेसं वाटत नव्हतं. मला वाटत होतं, त्याच्या घराच्या दारावरही तो कागद लावावा.

मावशी निघाली. आई तिला पोचवायला खाली गेली, चपला घालून, मागे वळून न बघता. दोघींचं बोलणं जिन्यात हळूहळू उतरत गेलं.

गुंडी टेबलाखालून बाहेर आली. पेपर माझ्या मांडीवरच्या बॅगेवर पसरला, माझ्या गळ्यात हात टाकला आणि कान माझ्या हनुवटीला लावला. हिरव्या मिशांचा मेणचट वास आला. तिने चारशे सतरा नंबरवर बोट फिरवलं, पंजावरून खांद्यापर्यंत, परत खांद्यावरून पंजापर्यंत.

"आई, या काकांनी या आजीला धरलं ना?"

"हं."

"आणि तू तिथेच होतीस?"

"हो, बाळा."

तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला, ऐकत नाहीये असं वाटलं की ती वळवते तसा.

"मग धरलेला फोटो कुठाय?"